गेकोसाठी जिवंत किडे निवडताना

लेपर्ड गेको ही मुळात अफगाणिस्तान आणि पाकिस्तानच्या कोरड्या, खडकाळ प्रदेशातली पाल आहे. पाने, फळे, भाज्या यांतले काहीही तिला चालत नाही आणि हालचाल न करणाऱ्या खाद्याकडे ती बहुधा ढुंकूनही पाहत नाही, त्यामुळे ती पाळायची म्हणजे घरात जिवंत किडे सांभाळणे ओघाने आलेच. इथे इंग्लंडमध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांत रातकिडे, टोळ, झुरळे आणि तऱ्हेतऱ्हेच्या अळ्या भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यांतून मिळतात. नवखा पालक बहुतेक वेळा स्वतःची सोय पाहून निवड करतो: जो आवाज करत नाही, उडी मारत नाही आणि ज्याची किळस येत नाही, तो किडा चांगला.

या कसोटीवर मीलवर्म, म्हणजे पिठातल्या भुंगेऱ्याची अळी, सहज पहिली येते. ती फ्रिजमध्ये आठवडेच्या आठवडे टिकते आणि वाटीत ठेवली की पळून जात नाही. मात्र तिच्या वजनाचा सुमारे 13 टक्के भाग चरबीचा असतो. रातकिड्यात हेच प्रमाण 7 टक्क्यांच्या आसपास भरते. मधमाश्यांच्या पोळ्यातले मेण खाणाऱ्या पतंगाची अळी, जिला दुकानात वॅक्सवर्म म्हणतात, ती तर जवळजवळ 25 टक्के चरबीच असते. गेकोला ती इतकी आवडते की काही जनावरे तिची चटक लागल्यावर दुसऱ्या किड्यांकडे तोंड फिरवतात. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवते, त्यामुळे जाडजूड शेपटी पाहून पालकही खूश होतो; परंतु अंडी घालून अशक्त झालेली मादी किंवा आजारातून उठलेले जनावर वगळता या अळीला अधूनमधून द्यायच्या खाऊपलीकडे स्थान देऊ नये, असे माझे मत आहे. याच्या दुसऱ्या टोकाला रेशमाची अळी येते. तिच्यात 80 टक्क्यांहून अधिक पाणी आणि नाममात्र चरबी असल्यामुळे लठ्ठ गेकोसाठी ती उत्तम, मात्र ती महाग पडते आणि नेहमी मिळतेच असे नाही.

चरबीपेक्षाही गंभीर प्रश्न कॅल्शियमचा आहे. गेकोच्या आहारात फॉस्फरसच्या साधारण दीडपट ते दुप्पट कॅल्शियम असावे लागते, आणि बहुतेक सर्व किड्यांत हे गणित नेमके उलटे असते. ही तूट शरीर हाडांतून भरून काढते. मग जबडा मऊ पडतो आणि पाय वाकू लागतात. काळ्या सोल्जर माशीची अळी हा या बाबतीतला ठळक अपवाद आहे. बाकी किड्यांना कॅल्शियमची भुकटी लावावीच लागते. किडे एका पिशवीत घालून चिमूटभर भुकटीसह हलकेच हलवले की ते पांढरेफटक होतात. पण रातकिडा स्वच्छतेचा भोक्ता असल्यामुळे पिंजऱ्यात सोडताच तो मिशा तोंडातून ओढून पुसू लागतो, आणि गेकोने लगेच झडप घातली नाही तर थोड्या वेळाने तिला मिळतो तो जवळपास साधाच रातकिडा.

म्हणूनच कोणता किडा घ्यावा या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्या किड्याच्या पोटात काय आहे हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. दुकानातल्या डब्यात अंड्यांच्या ट्रेचे तुकडे, थोडा कोंडा आणि एखादी सुकलेली गाजराची चकती असते. अशा अर्धपोटी किड्यातून गेकोला फारसे काही मिळत नाही. घरी आणल्यावर त्यांना निदान एक-दोन दिवस गाजर, लाल भोपळा, मोहरीची पाने असे खाऊ घालावे. पालक टाळावा, कारण त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरते. पाण्याची वाटी ठेवण्याचीही गरज नाही. रातकिडे तीत बुडून मरतात आणि गाजरातून त्यांना पुरेसे पाणी मिळते.

रातकिड्यांची एक वेगळीच अडचण आहे. त्यांच्यातल्या एका विषाणूने आधी युरोपातील आणि 2010च्या सुमारास उत्तर अमेरिकेतील रातकिड्यांचे मोठे मोठे फार्म उजाड केले. त्यानंतर त्या रोगाला दाद न देणाऱ्या पट्टेरी रातकिड्यांना मागणी वाढली. ते चपळ आहेत, इतके की डबा उघडताना एक तरी सोफ्याखाली जातोच, आणि तो नर निघाला तर रात्रभर किरकिरतो.

या सगळ्याचा विचार करता रोजच्या आहारासाठी माझी पसंती डुबिया झुरळांना आहे. ती गुळगुळीत भिंत चढू शकत नाहीत, आवाज करत नाहीत, दिलेले सर्व खातात आणि त्यांच्यात मांसही भरपूर असते. ‘झुरळं मारायला औषध आणतात रे, तू झुरळंच विकत आणतोस?’ हा आईचा फोनवरचा प्रश्न मात्र अजून निरुत्तरच आहे. डुबियाच्या जोडीला रातकिडे किंवा टोळ आलटूनपालटून द्यावेत, म्हणजे एकाच किड्यातली उणीव साचत जात नाही.

किडा कोणताही असो, त्याची रुंदी गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नसावी. बागेतले किडे पकडून देऊ नयेत, कारण त्यांच्यावर कीटकनाशक असू शकते आणि त्यांच्यातून परजीवीही येतात. काजवा तर चुकूनही देऊ नये, त्यातले विष सरड्या-पालींना एका घासात मारू शकते. आणि न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यातून काढून घ्यावेत, कारण भुकेलेला रातकिडा झोपलेल्या गेकोच्या बोटांना आणि पापण्यांना चावे घेतो.