तुम्ही विचारलंत म्हणून: होय, अ‍ॅबी कुरुविलाच

आवडता फास्ट बॉलर कोण, असं कुणी विचारलं की मी अ‍ॅबी कुरुविला म्हणतो आणि समोरचा हसतो. मग ठरलेला दुसरा प्रश्न: 10 टेस्ट खेळलेल्या माणसात तुम्हाला एवढं काय दिसलं? इतकी वर्षं मीही हसून विषय बदलायचो. आता एकदाचं सांगून टाकतो.

10 टेस्ट, 25 विकेट, सरासरी 35.68. सगळ्या टेस्ट 1997 या एकाच वर्षातल्या. मला पाठ आहे सगळं, मोबाइल काढू नका.

वेस्ट इंडिजमधल्या बार्बाडोसच्या त्या 1997 च्या टेस्टचं नाव निघालं की सगळ्यांना आमचे 81 ऑलआउट आठवतात. जिंकायला 120 हवे होते, सचिन कॅप्टन होता, लक्ष्मणच्या 19 सोडल्या तर एकाचाही आकडा दोन अंकी नव्हता, हे तुम्ही झोपेतही सांगाल. पण करायचे फक्त 120 च का उरले होते? वेस्ट इंडिजचा दुसरा डाव 140 मध्ये गुंडाळला गेला म्हणून. आणि तो गुंडाळला कुणी? कुरुविलाने, 68 धावांत 5. कारकिर्दीतली तिसरीच टेस्ट.

वेग बेताचाच होता, कबूल. पण साडेसहा फुटी माणूस हात कानाजवळून आणून एकाच टप्प्यावर मारत राहिला, की ज्या चेंडूवर बॅट्समन निवांत पुढे यायचा तोच ग्लोव्हजपर्यंत चढतो. वर ती खेळपट्टी, कुठे उसळेल आणि कुठे खाली राहील याचा नेम नाही. अशा विकेटवर वेगापेक्षा चिकाटी लागते, आणि ती मुंबईच्या बॉलरला कुणी शिकवावी लागत नाही.

31 मार्चला, सोमवारी, मी जेवण लवकर उरकून टीव्हीपुढे बसलो. समोर वेस्ट इंडिजचे फास्ट बॉलर: बिशप, अँब्रोज, रोझ. सचिन 4 वर गेला. घरातले बाकीचे सचिनसाठी हळहळत होते. मला मात्र दर विकेटला एकच दिसत होतं: पाच विकेट काढून दमलेल्या त्या माणसाला आता पॅड बांधायला उठावं लागणार. कामगिरी त्याची आणि त्याच्या वाट्याला काय, तर टेल-एंडरची बॅटिंग! मी टीव्ही बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला.

त्या काळात मी छातीठोक सांगायचो, ती मॅच जिंकलो असतो तर तो टिकला असता. आज तेवढं ठाम म्हणवत नाही. त्याच ऑगस्टमध्ये कोलंबोत श्रीलंकेने आमच्याविरुद्ध एका डावात 952 केले, बॉलरला काहीच मदत न देणाऱ्या त्या पाटा विकेटवर उंची काय कामाची? टेस्ट कॅप मिळाली तेव्हाच तो 28 वर्षांचा होता. आणि 1998 मध्ये ऑस्ट्रेलिया आली तेव्हा चेन्नईत तीन स्पिनर खेळले, आणि आपला मुख्य फास्ट बॉलर श्रीनाथ, त्याच्या जोडीला नवखा हरविंदर सिंग.

श्रीनाथवरून पुढचा मुद्दा काढाल, माहीत आहे. त्याचा खांदा शाबूत असता तर तो वेस्ट इंडिजला गेला असता आणि कुरुविलाला कदाचित एकही टेस्ट मिळाली नसती. असेल. पण मग 10 कमी की जास्त, ते तुम्हीच ठरवा. माझं उत्तर बदलणार नाही.