दुकान वाढवण्याची वेळ

माझ्या वडिलांचे पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ वह्या-पुस्तकांचे आणि शालेय साहित्याचे छोटे दुकान होते. त्याला शटर फार उशिरा आले. माझ्या लहानपणी सागवानी फळ्या होत्या, एकूण अकरा, आणि प्रत्येक फळीच्या मागे तेलरंगाने तिचा आकडा लिहिलेला होता, कारण खाचेत त्या त्याच क्रमाने बसत. रात्री साडेआठच्या सुमारास बाबा गल्ला मोजत, रोजमेळ लिहीत, जमा आणि नावे जुळले की पेनाला टोपण लावत आणि मग पहिली फळी उचलत. आमच्या घरी 'दुकान बंद केले' असे कोणी म्हणत नसे, 'दुकान वाढवले' असेच म्हणत. अकरावी फळी बसली, लोखंडी पट्टी आडवी पडली आणि कुलूप ओढून पाहून झाले की गिऱ्हाईक कितीही ओळखीचे असले तरी बाबा त्याला नम्रपणे उद्या सकाळी यायला सांगत. त्यानंतर घरी येईपर्यंतच्या वाटेत ते आमच्याशी बोलत, आणि त्या बोलण्यात दुकान नसे.

मी गेली एकवीस वर्षे सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि हिंजवडीतील एका कंपनीत चाचणी विभागाची एक तुकडी सांभाळते. राहायला कर्वेनगरला. आठवड्यातून तीन दिवस वारजे, चांदणी चौक, बाह्यवळण आणि भूमकर चौक असा प्रवास करून कार्यालयात जाते, उरलेले दोन दिवस घरून काम करते. आमचा ग्राहक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. त्यामुळे रोजचा कॉल रात्री साडेआठला असे, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळे मागे गेली की तोच कॉल साडेनऊला सरके. तिकडे सकाळचे अकरा वाजायचे ते दोन्ही ऋतूंत अकराच. बदल व्हायचा तो आमच्या जेवणाच्या वेळेत. इतकी वर्षे हे मी हवामानासारखे गृहीत धरले होते, म्हणजे सोसायचे असते, त्याविषयी कोणाशी बोलायचे नसते.

गेल्या फेब्रुवारीत बाबांच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. मी रजा काढली होती, तरीही लॅपटॉप बरोबर घेतला होता, कारण त्याच आठवड्यात रिलीज होते, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकाच्या हाती द्यायची होती. ऑपरेशन व्यवस्थित झाले. बाबांना बाहेर आणून खुर्चीवर बसवले आणि परिचारिका मला थेंबांचे वेळापत्रक समजावून सांगू लागल्या, तेव्हा माझ्या एका कानात इअरफोन होता आणि त्यातून एक सहकारी काहीतरी विचारत होता. मी परिचारिकांकडे पाहून मान हलवत होते. घरी आल्यावर पिशवीतून दोन बाटल्या काढल्या आणि मला काहीच आठवेना. बाटल्यांची झाकणे निरनिराळ्या रंगांची होती, एवढेच मला सांगता आले असते. कागदावरचे अक्षर मला लागत नव्हते. बाबा खाटेवर डोळ्याला पट्टी लावून बसले होते. त्यांनी शांतपणे सांगितले की पांढऱ्या झाकणाचे दिवसातून सहा वेळा, निळ्याचे चार वेळा, दोन्हींच्या मध्ये दहा मिनिटे जाऊ द्यायची, आणि पुढच्या आठवड्यापासून पांढऱ्याचे एकेकाने कमी करायचे. मग म्हणाले, "तू कामात होतीस, म्हणून मी नीट ऐकून ठेवले."

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते वाक्य कित्येक दिवस माझ्या मनातून गेले नाही. ज्या माणसाची काळजी घेण्यासाठी मी रजा घेतली होती, त्याने माझ्या वाट्याचे लक्ष देण्याचे कामही स्वतःच केले होते.

त्या पंधरवड्यात कपाटात बाबांच्या जुन्या कोऱ्या वह्यांपैकी एक सापडली, लाल कापडी बांधणीची, आणि मी तिच्यात माझ्या वेळेचा रोजमेळ मांडायला घेतला. काम कधी सुरू झाले, कधी थांबले, पुन्हा कधी सुरू झाले, आणि त्या वेळात नेमके काय झाले, एवढेच लिहायचे. तीन आठवडे, म्हणजे कामाचे पंधरा दिवस, मी हे न चुकता केले. माझी समजूत होती की मी रोज बारा-तेरा तास काम करते. वहीतला आकडा सरासरी पावणेदहा तासांचा निघाला. तोही जास्तच आहे, पण मला चकित केले दुसऱ्या आकड्याने: पहिल्या ईमेलपासून शेवटचा कॉल संपेपर्यंतचा काळ रोज तेरा तासांहून अधिक होता. मधले तीन तास तुकड्यातुकड्यांनी मोकळे होते, पण ते माझ्या उपयोगाचे नव्हते. संध्याकाळी सात ते साडेनऊ या वेळेत मी स्वयंपाकघरात असे, मुलीच्या नववीच्या अभ्यासाजवळ बसलेली असे, आणि मनाने मात्र साडेनऊच्या कॉलच्या दारात उभी असे. कामाच्या ताणाविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा केवळ तास मोजतो. मला आता खात्रीने वाटते की तासांइतकेच, कदाचित अधिक, महत्त्व दिवस कुठे संपतो याला आहे.

ही गोष्ट नवी नाही, हे मला कायदा वाचताना कळले. १९४८च्या कारखाने अधिनियमात दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती, हे मला ऐकून माहीत होते. पण त्याच कायद्यात आणखी एक कलम होते: कामगाराच्या दिवसाची सुरुवात आणि शेवट यांमधला एकूण काळ, मधली विश्रांती धरून, साडेदहा तासांपेक्षा जास्त असता कामा नये. ज्यांनी हे कलम लिहिले त्यांना ठाऊक होते की मालकाने सकाळी चार तास, मग मोठी सुट्टी आणि रात्री पुन्हा पाच तास असे काम वाटले, तर कागदावर नऊच तास भरतील आणि माणसाचा सगळा दिवस जाईल. माझा दिवस नेमका तसा होता. फरक एवढाच की तो मला कोणी सक्तीने लावलेला नव्हता. थोडाथोडा करत तो तसा झाला आणि मी तो होऊ दिला.

कामाच्या तासांची मर्यादा आपल्याला कोणी दान म्हणून दिलेली नाही, हे आमच्या क्षेत्रातल्या तरुणांना कोणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते. महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, सभा घेतल्या, सह्यांचे अर्ज केले, आणि त्यानंतर १८९० साली गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना आठवड्याची कामाची मर्यादा अठ्ठेचाळीस तासांवर आणणारी दुरुस्ती पुढे आली आणि १९४६ साली ती कायद्यात उतरली. उलट २०२५च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे काम नऊवरून बारा तासांपर्यंत आणि दुकाने व आस्थापनांत नऊवरून दहा तासांपर्यंत नेण्याला मान्यता दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास तेच राहतील असे सांगितले गेले. आठवड्याचा हिशेब जुळतो हे खरे, पण बारा तास उभे राहून घरी गेलेल्या माणसाची ती संध्याकाळ पुढच्या सुट्टीत परत मिळत नाही, आणि त्याचे मूल त्या दिवशी झोपलेलेच असते.

प्रकृतीचा प्रश्न तर वेगळाच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१च्या संयुक्त अभ्यासात असे आढळले की आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. वहीतल्या तीन आठवड्यांपैकी एक आठवडा माझाही छप्पन्न तासांचा होता.

मग मी काय केले, ते सांगते. त्या पंधरा दिवसांत मी तेरा रात्री कॉलवर होते, आणि वहीतल्या नोंदींप्रमाणे त्यांतल्या चारच रात्री माझ्या उपस्थितीने काही ठरले होते. ही नोंद घेऊन मी माझ्या वरिष्ठांकडे गेले. थकले आहे असे सांगितले असते तर त्यांनी सहानुभूती दाखवली असती आणि विषय तिथेच संपला असता, असे मला वाटते. वही पाहिल्यावर त्यांनी पाने उलटली आणि विचारले, "बाकी नऊ रात्री कॉल नसता तर काय अडले असते?" आम्ही ग्राहकाशी बोललो. ठरले असे की रात्रीचा कॉल आठवड्यातून एकच, तोही आम्हा सहा जणांत पाळीपाळीने, आणि तीन दिवस तिकडचे सहकारी त्यांच्या सकाळी साडेसातला, म्हणजे उन्हाळ्यात आमच्या संध्याकाळी पाचला, बोलतील. उरलेल्या दिवशी आम्ही निघण्यापूर्वी सविस्तर हँडओव्हर, म्हणजे कोणते काम कुठवर आले याची नोंद, लिहून ठेवायचा. हँडओव्हर लिहायला दर वेळी वीस मिनिटे लागतात. गल्ला मोजल्यावर बाबा रोजमेळ का लिहीत, हे ती वीस मिनिटे लिहिताना मला खऱ्या अर्थाने समजले. अर्धवट राहिलेले काम कागदावर उतरले की ते डोक्यात धरून घरी न्यावे लागत नाही.

हे सगळे सुरळीत झाले असे नाही. एका नव्या प्रकल्पाचे प्रमुखपद मला देऊ केले होते, त्यात रोज रात्री अकरापर्यंत थांबणे आवश्यक होते, आणि मी नकार दिला. त्या पदाबरोबर पगारात वाढ होती, आणि मुलीच्या शिक्षणाचा खर्च पुढे दिसत असताना तो नकार सोपा नव्हता. घरातही बोलावे लागले. संध्याकाळचा स्वयंपाक ही माझी जबाबदारी आणि यजमानांची 'मदत' असे आमचे चालले होते. आता आठवड्यातले तीन दिवस तो पूर्णपणे त्यांच्याकडे आहे, भाजी आणण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत, आणि मी त्यात डोकावत नाही.

एक चूक मात्र निव्वळ माझी होती. आमच्या तुकडीत दोन मुले पहिल्याच नोकरीत आहेत, वाकडला पीजीत राहतात. मला रात्री अकराला काही आठवले की मी त्यांना संदेश टाकत असे आणि खाली 'उद्या बघितले तरी चालेल' असे लिहीत असे. त्यांतल्या एकाने नंतर सांगितले की तो संदेश आला की तो उठून लॅपटॉप उघडत असे, कारण प्रमुखाने जागे राहून लिहिले आहे म्हणजे ते तातडीचेच असणार. रात्री वाढवलेल्या दुकानाच्या फळ्या मी बाहेरून ठोकत होते. आता सुचलेले मी सकाळी साडेनऊची वेळ लावून ठेवते. 'नाही' म्हणायला माझ्याजवळ एकवीस वर्षांचा अनुभव आहे, त्या मुलांजवळ तो नाही, म्हणून त्यांच्या वतीने आधी मीच थांबणे भाग आहे.

दुपारी एक ते चार दुकाने बंद ठेवण्यावरून पुण्याला फार बोल लागतात. चितळे बंधूंनी २०१७ साली दुपारी दुकान उघडे ठेवायला सुरुवात केली तर त्याची बातमी झाली. मला या सुट्टीची बाजू मनापासून घ्यावीशी वाटते. बाबा सकाळी नऊला दुकान उघडत आणि रात्री साडेआठला वाढवत, म्हणजे मधली विश्रांती नसती तर तो साडेअकरा तासांचा दिवस झाला असता. त्या तीन तासांत ते घरी येऊन गरम जेवत, अर्धा तास वामकुक्षी घेत आणि मग आमच्या शाळेच्या वह्या पाहत. माझे गणित त्या दुपारांत तयार झाले. जून महिना मात्र वेगळा असे. शाळा उघडत, रांगा लागत, आणि दुपारी एकही फळी लागत नसे. आई डबा दुकानात पाठवी, आम्ही भावंडे वह्यांना कव्हरे घालून देत असू. त्या महिन्याची कुणी तक्रार केली नाही, कारण जुलै लागला की दुपार परत येई. रिलीजचा आठवडा आजही माझ्याकडे असतो आणि त्यात मी रात्री जागते. त्याला माझी हरकत नाही. आमच्या क्षेत्राचे दुखणे हे आहे की त्याने बारा महिने जून केला आहे.

बाबांचा दुसरा डोळा ऑगस्टमध्ये झाला. या खेपेस लॅपटॉप घरी होता, आणि थेंबांचे वेळापत्रक मी स्वतः लिहून घेतले.

गेल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे गेली, त्यामुळे पाचचा कॉल सहावर आला. कॉल आटोपून साडेपाचला निघून बाबांना कालव्याच्या कडेने फिरायला नेण्याचा आमचा क्रम त्याने मोडला असता, म्हणून मी तिकडच्या सहकाऱ्याला विचारले की सकाळी साडेसहाला जमेल का. त्याने उत्तर दिले की त्या वेळी तो मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जातो. मी त्याला लिहिले की सहाच ठेवू, आणि बाबांना सांगितले.

"मग आपण साडेसहाला निघू," ते म्हणाले. "स्वेटर घालावा लागेल एवढेच."