गणिताचा एक चौकोन आणि सात खेपा

अकरावीला गणित घ्यायचं हे ठरवायला मला एक संध्याकाळ पुरली. ते कागदावर उतरवायला जून-जुलै आख्खे गेले, वर ऑगस्टचे काही दिवस. आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तरी ऑफिसची ती खिडकी आठवली की डोकं तापतं.

दहावीचा निकाल, सायन्सला प्रवेश, फी, सगळं सुरळीत झालं. फॉर्मवर फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पुढे विषयांच्या जोड्या होत्या: बायोलॉजी-जिऑलॉजी, गणित-कॉम्प्युटर, गणित-बायोलॉजी. शेजारच्या काकी म्हणाल्या, "बायोलॉजीच बरी हो, गणित टक्के खातं." बाबांनी पेन उघडलं आणि पहिल्या चौकोनात खूण केली. मला दहावीला गणितात 61 होते, मी कुठल्या तोंडाने बोलणार? गप्प बसले.

मग फिजिक्सला वेक्टर आले. सर फळ्यावर बलाचे दोन घटक पाडत होते, साइन-कॉस सहज लिहीत होते, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की हे आपल्याला आवडतंय. इंजिनिअरिंगला जावं की बी.एससी. फिजिक्स करावं ते ठरलं नव्हतं, पण गणित सोडलं तर दोन्हीकडचं दार बंद होतं. अकरावीला नाही घेतलं तर बारावीला मध्येच घेता येत नाही. त्याच रात्री घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "मग बदलून घे की, एका अर्जाचं काम."

एका अर्जाचं काम!

पहिल्या खेपेला खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "फाल्यां यो, बाय," म्हणजे उद्या ये. दुसऱ्या दिवशी अर्ज घेतला. तिसऱ्या खेपेला कळलं की पालकांची सही हवी. ती आणली, तर गणिताच्या सरांची संमती हवी. सर म्हणाले, "माझी काही हरकत नाही, पण बॅच भरलीय का ते ऑफिसला विचार." ऑफिस म्हणालं, "बॅच भरलीय की नाही ते सरच सांगतील." स्टाफरूम आणि ऑफिस यांच्यात एक जिना होता. त्याच्या पायऱ्या सतरा. कितीदा मोजल्या ते विचारू नका. गोव्यातल्या डिचोलीहून बसने यायचं, पावसात भिजायचं, आणि मधल्या सुट्टीत डबा खायचा सोडून खिडकीपुढे उभं राहायचं.

पाचव्या खेपेला अर्जच सापडेना. बाईंनी ड्रॉवर उघडला, कपाट उघडलं, माझ्याकडेच संशयाने पाहिलं. "दिला होता? आवक नंबर कितला?" मला आवक नंबर म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. म्हणून इथेच सांगते, नाहीतर पुढे विसरेन: कुठलाही अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक, म्हणजे अर्ज मिळाल्याचा नोंद क्रमांक, घ्या, आणि ती प्रत घरात देवाच्या फोटोमागे ठेवा. बस स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याला जे दोन-तीन रुपये द्यायचा मला कंटाळा आला, त्यात माझे आणखी दहा दिवस गेले. सगळं परत: सही, संमती, जिना. सहाव्या खेपेला प्राचार्य बाहेर गेलेले. सातव्या खेपेला त्यांनी अर्ज दहा सेकंद पाहिला, सही केली आणि विचारलं, "इतका उशीर का केलास?" मला हसूही आलं आणि रडूही. बाईंनी शिक्का मारताना मात्र म्हटलं, "बरें शिक हां." त्यांच्यावरचा राग तिथे अर्धा उतरला. अर्धा आहे अजून.

तोवर वर्गाने संच, फलनं संपवून त्रिकोणमिती निम्मी उरकली होती. पहिल्या चाचणीत मला 25 पैकी 6. 180 अंश म्हणजे पाय (π) रेडियन, इथपर्यंत ठीक, पुढे सगळा अंधार. गणेश चवथीच्या सुट्टीत आई मला दोडामार्गला मामाकडे घेऊन गेली. मामा मराठी शाळेतले निवृत्त शिक्षक. त्याने माझी चाचणीची वही लाल पेनाने नाही, पेन्सिलने पाहिली आणि म्हणाला, "पोरी, तुझी त्रिकोणमिती कच्ची नाही. तुला कंस सोडवता येत नाहीत."

खरंच होतं ते. वजा चिन्ह कंसाबाहेर असलं की आतलं दुसरं पद बदलायचं राहून जायचं. चौथीपर्यंत मी मराठीत शिकले, पाचवीपासून सगळं इंग्रजीत. 'फॅक्टराइज' म्हटलं की मी पाठ केलेल्या पायऱ्या लिहायची. मामा म्हणाला, "अवयव पाड. बारा म्हणजे तीन चोक बारा, तसंच." मोदक खाता खाता आठवी-नववीच्या बीजगणिताची उजळणी झाली. पुढे लिमिट आलं: एक्सचा वर्ग वजा नऊ, भागिले एक्स वजा तीन, एक्स तीनकडे जाताना. अर्ध्या वर्गाने तीन घालून शून्य भागिले शून्य लिहिलं आणि पेन ठेवलं. मी अवयव पाडले, वरखाली छाटलं, उत्तर 6. चाचणीतले 6 आणि हे 6, यांत फार फरक आहे.

क्लास लावला नाही. एनसीईआरटीचं पुस्तक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं, उत्तरं मागे असतात. आधी सोडवलेली उदाहरणं झाकून स्वतः करायची, मग स्वाध्याय, आणि प्रकरणाच्या शेवटचा मिश्र स्वाध्याय मात्र रविवारी, ताज्या डोक्याने. तोच बहुतेक जण सोडतात.

हो, एक राहिलंच. मावसभाऊ सीबीएसईला आहे. तिथे 2020 च्या परीक्षेपासून दहावीलाच गणिताच्या बेसिक आणि स्टँडर्ड या दोन पेपरांपैकी एक निवडायचा असतो. सोपा म्हणून बेसिक घेण्याआधी, पुढे गणित हवं असेल तर त्यावर अकरावीत कुठलं गणित मिळतं, हे शाळेत विचारून घ्या. अकरावीला तिथे अप्लाइड मॅथमॅटिक्स नावाचा वेगळा विषयही आहे, तो आणि नेहमीचं गणित एक समजू नका.

बारावीला मला गणितात 78 मिळाले. काकींना मी स्वतः पेढा नेऊन दिला. यंदा धाकटा भाऊ अकरावीला जातोय. फॉर्म भरताना बाबांनी पेन उघडलं तसं त्याने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.