शिलाई मशीन बी वाद्यच!

श्रावण लागला. खानदेशातल्या कानबाईच्या सणाच्या तोंडावर ब्लाउज-परकरांचा ढीग आणि भजनी मंडळाच्या तालमी एकाच वेळी. दिवसभर शिलाई मशीन आणि संध्याकाळी तबला. दुखणं मात्र दोघांचं एकच, चामडं! ओलाव्यानं मशीनचा पट्टा सैलावतो, चाक नुसतं घसरतं. अर्धा इंच कापून तारेची पिन पुन्हा ठोकायची, बस. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, सैलावली की सूर उतरतो. तिथं हातोडीनं वादीखालचे लाकडी गठ्ठे खाली ठोकायचे. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे उलटं, सूर आपोआप चढतो.

खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की सगळे बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, शिव्या देतात. बिचारी बॉबिन! बहुतेक वेळा वरचा दोरा ताणाच्या चकत्यांत बसलेलाच नसतो. दाब-पाय वर असताना चकत्या उघड्या असतात, तेव्हाच दोरा ओवायचा. पाय खाली टेकवून ओवला तर तो चकत्यांच्या बाहेरच राहतो. टाके सुटत असतील तर सुईची चपटी बाजू नीट बसली आहे का बघा. साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई, जाडाला १६.

तेलाच्या बाबतीत मात्र पेटी (हार्मोनियम) आणि मशीन पक्क्या सवती. मशीनच्या शटलला, म्हणजे बॉबिन बसते त्या भागाला, एक थेंब हवाच, नाहीतर ती कुरकुर करस. पेटीच्या पितळी सुरांना, म्हणजे आतल्या वाजणाऱ्या पट्ट्यांना, तेल लावलं तर धूळ चिकटून सूर बसलाच. तिथं फक्त मऊ ब्रश.

आणि पायपेटीचा भाता मशीनच्या पायट्यावर शिकलेल्या पायांना लवकर जमतो, हे आपलं माझं मत.