मोटारीचं दार

अंध प्रेक्षकांसाठी मी सिनेमाचं वर्णन करते. एरवी दोन संवादांच्या मधे आमचं वाक्य बसवायचं असतं. चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’मध्ये (१९३१) संवादच नाहीत, म्हणून आयोजकांनी तयारीला चार दिवस पुरेसे धरले. पण त्यात जवळपास दीड तास संगीत आहे, बहुतेक चॅप्लिननंच रचलेलं. सतत बोललं तर ते बुडतं, शिवाय पडद्यावरच्या पाट्याही वाचायच्या. मूकपट म्हणजे सोपं काम, हे ऐकलं की मला संताप येतो.

माझे दोन दिवस एकाच प्रसंगात गेले. रस्त्यात वाहनं तुंबलेली, पोलिसाला टाळायला चॅप्लिनचा भटक्या एका उभ्या आलिशान मोटारीत शिरतो आणि पलीकडच्या दारानं फुटपाथवर उतरतो. दार लागतं. त्यावरून आंधळी फुलवाली त्याला श्रीमंत समजते. पुढचं सगळं प्रेम आणि सगळी फसगत या दारावर उभी आहे. ती युक्ती सापडेपर्यंत चॅप्लिननं हा प्रसंग पुन्हा पुन्हा चित्रित केला. आणि दाराचा तो आवाज ध्वनिपट्टीवर नाहीच! डोळसांना तो दिसतो. मी लिहिलं, ‘दार धाडकन लागतं.’ सुरांच्या बरोबर मधे बसवलं. त्याचा मला अभिमान होता.

खेळ संपल्यावर जन्मांध असलेले एक काका थांबले.

“ताई, तिला दार ऐकू आलं, मग त्याचे ते ढगळ बूट कसे नाही आले? आम्ही तर पावलांवरून माणूस ओळखतो.”

मी म्हटलं, “काका, मोटारीचा खरा मालक येऊन बसतो, गाडी निघते. तिला वाटतं, साहेब फुलाचे उरलेले सुटे न घेताच गेले. तेव्हा हा चवड्यांवर दूर होतो, पाय वाजू देत नाही.”

“चवड्यांवर? तुम्ही तर ‘हळूच दूर होतो’ म्हणालात.”

घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. काकांचंच बरोबर होतं. संगीताला दोन सेकंद मिळावेत म्हणून तो शब्द मीच छाटला होता. तोवर गैरसमज तिचा होता. चवडे टेकले तिथून तो टिकवणं भटक्यानं पत्करलं. ज्यांना ते सर्वांत आधी कळलं असतं, त्यांच्यापासूनच मी ते लपवलं.

सिनेमाच्या शेवटी दृष्टी आलेली फुलवाली त्याचा हात चाचपून त्याला ओळखते, तेव्हा मी मुद्दाम गप्प राहिले होते. आता त्या शांततेचीही खात्री वाटत नाही. पुढच्या खेळाची संहिता समोर उघडी आहे. ‘चवड्यांवर’ आत घेतलाय, आणि त्याच्यासाठी सुरांवरचं काय काढायचं ते अजून ठरत नाहीये.