आमची वाटचाल : ४५ पीस

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत, म्हणजे जीआयडीसीत, आमचं वर्कशॉप आहे. व्हॉल्व्हचे स्पिंडल, ग्लँड, बुश असे सुटे भाग आम्ही लेथवर धातू फिरवून, कापून घडवतो, म्हणजे टर्निंगचे जॉब करतो. वडील एका मोठ्या कारखान्यात फिटर होते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवन या तंत्रशाळेत आपण शिकलो, याचा त्यांना फार अभिमान. निवृत्तीचे पैसे आणि आईच्या पाटल्या यांतून दोन जुने लेथ आले. तेव्हा वडील, मी आणि एक हेल्पर एवढेच होतो. कुणाचं डोकं कधी तापतं, कुणाला काय जमतं, सगळं तोंडपाठ.

माणसं १६ झाली आणि मला काही कळेनासं झालं.

स्पिंडलची मोठी ऑर्डर होती. मी प्रत्येकाला वेगळा बोनस लावला, जितके पीस जास्त तितके पैसे जास्त. पहिल्या आठवड्यात काम वाढलं. मग हळूहळू सगळ्यांचा आकडा एकाच ठिकाणी येऊन थांबला. ४५, ४४, ४५. आमचा सर्वांत चपळ ऑपरेटर सहज ६० काढायचा, तोही ४६ वर. मी त्याला केबिनमध्ये बोलावून चांगलंच झापलं. कामचुकार झालास, म्हणालो. त्याने मान खाली घातली आणि निघून गेला.

चार दिवसांनी सुट्टी झाल्यावर मी त्याला स्कूटरवर घेतलं. वाटेत सेव-उसळ खायला थांबलो. तिथे तो हळूच म्हणाला, "शेठ, सगळ्यांसमोर मला शाबासकी देऊ नका." ६० पीस काढले त्या आठवड्यात चहाला त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. हेल्पर त्याच्या मशिनवर सर्वांत शेवटी माल आणायचा. इन्सर्ट, म्हणजे लेथवर धातू कापणारं बदलतं पातं, मागितला तर "संपला" असं उत्तर. आणि हे का, तेही त्याने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी नवे इन्सर्ट आले, काम झपाट्याने होऊ लागलं, तेव्हा पीसमागचा दर कुणी कमी केला होता? मीच. मी ते विसरलो होतो, ते विसरले नव्हते. ६० चा आकडा कागदावर गेला की शेठ पुन्हा दर कापणार, हा त्यांचा हिशोब होता. चुकीचा कसा म्हणू?

त्या रात्री मला झोप लागली नाही. एका माणसाला मी आळशी ठरवलं होतं, आणि तो बिचारा बारा जणांच्या भीतीचं ओझं वाहत होता.

माझा भाचा तेव्हा एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकत होता. त्याने सांगितलं, मामा, हे अगदी असंच शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये संशोधकांनी टिपून ठेवलंय. १४ जणांची एक खोली, पैसे कामावर, तरी सगळे आपापसांत ठरलेल्या आकड्यापुढे जात नव्हते. जास्त काम करणाऱ्याच्या दंडावर बुक्की बसायची. मला खरं तर धीर आला. पण माझ्या उपयोगी पडली ती त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट, आपल्या शेजारच्या अहमदाबादची. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचे ए. के. राइस तिथल्या कॅलिको कापड मिलमध्ये आले होते. २२४ स्वयंचलित मागांवर २९ माणसं १२ प्रकारची कामं करत होती, आणि कोण कुणाबरोबर आहे याचा पत्ता नव्हता. मग ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी एकेका लहान गटावर दिली. कापड वाढलं, खराबी कमी झाली.

मी आधी फळ्यावर लिहून खाली सही केली, की वर्षभर दर कमी होणार नाही. मग वेगळा बोनस बंद करून चार-चार जणांचे गट केले. सेटिंग, टर्निंग, तपासणी, सगळं त्यांच्याकडे, बोनसही गटाचा. पहिले दोन महिने कुणाचा विश्वास बसला नाही, आकडा ४५ वरच राहिला. पगारात खरोखर फरक दिसला तेव्हा तो हलला.

सुट्ट्यांचा प्रश्न तर न सांगता सुटला. पूर्वी नवरात्रात माझ्या टेबलावर अर्जांचा ढीग पडायचा. कुणाला हो म्हणावं, कुणाला नाही? आता गरब्याच्या रात्री मराठी आणि बिहारची मुलं सांभाळतात, गणपतीत आमच्या मुलांची पाळी गुजराती घेतात, छठला दोघे मिळून बिहारच्या मुलांना गावी पाठवतात. जेवणाचे डबे एकत्र उघडायला लागले ते त्यानंतरच.

गटावर सगळं सोडून मालकाने निर्धास्त व्हावं, असं मात्र मी कुणाला सांगणार नाही. एका गटात एकाची बायको आजारी होती, तो रोज उशिरा यायचा. बाकीच्या तिघांनी बोनस बुडतो म्हणून त्याला इतकं टाकून बोललं की तो राजीनामा घेऊन आला. तिथे मला मध्ये पडावंच लागलं. तीन महिने त्याच्या वाट्याची तूट मी भरली.

आणि उलटंही घडलं. आमच्या सर्वांत जुन्या काकांच्या गटाचं रिजेक्शन, म्हणजे नापास माल, नेहमी शून्याजवळ. मी खूश होतो. एकदा संध्याकाळी अचानक शॉपमध्ये गेलो तर काकांचे पीस शेजारचा मुलगा मापत होता. काकांना व्हर्निअरच्या, म्हणजे माप घ्यायच्या पट्टीच्या, बारीक रेषा दिसेनाशा झाल्या होत्या. काढून टाकतील या भीतीने ते बोलले नाहीत, आणि गटाने वर्षभर ते माझ्यापासून लपवलं. मी रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी डिजिटल व्हर्निअर आणला आणि चौघांपैकी कुणालाही न विचारता काकांच्या मशिनवर ठेवून आलो. दुपारी काका केबिनच्या दारात आले, काहीच बोलले नाहीत, थोडा वेळ उभे राहून परत गेले. तो व्हर्निअर आजही तेच वापरतात.