अंदाजवही, आठवडा तिसरा: दवबिंदूने दिलेला धडा

नियम तोच ठेवलाय: आधी स्वतःचा हवामानाचा अंदाज वहीत, मग संगणकाचं मॉडेल. उलट केलं की नकाशा सांगेल तेच पटायला लागतं.

या आठवड्यातला सगळा जीव किमान तापमानात गेला. वसंताच्या सुरुवातीला ऊन चढतं, पण रात्री अजून लांब असतात, त्यामुळे दिवस-रात्रीचा फरक मोठा. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमीन भराभर उष्णता सोडते. हवा दवबिंदूपर्यंत, म्हणजे बाष्पाचं दव व्हायला लागतं त्या तापमानापर्यंत, उतरली की बाष्प सांद्र होताना उष्णता बाहेर टाकतं आणि घसरण मंदावते. म्हणून संध्याकाळचा दवबिंदू म्हणजे पहाटेच्या तापमानाचा साधारण तळ. या हिशेबाने पाच रात्री एका अंशाच्या आत जमल्या, फार आनंद झाला!

सहाव्या रात्री चार अंशांनी चुकलो. संध्याकाळी दवबिंदू १२ होता, मध्यरात्रीनंतर ५ वर आला. कोरडी हवा शिरली, मग वारा पडला आणि पारा थेट खाली. तळच सरकला होता. नोंदी चाळल्यावर दिसलं की नऊपासून वायुदाब चढत होता, वाऱ्याची दिशाही फिरली होती. दोन्ही आकडे माझ्याच हाताने लिहिलेले, पण एकत्र वाचले नाहीत. आता झोपण्यापूर्वी दाब, दिशा आणि दवबिंदू एकाच ओळीत लिहितो. तुम्हीही करून बघा, फरक पडतो.

पुढचे पाच दिवस: कोरडं, निरभ्र, दुपारी रोज थोडी वाढ. इथे आकडे लिहायला हात कचरत नाही.

सहावा ते दहावा दिवस: ५०० हेक्टोपास्कलच्या (साधारण साडेपाच किलोमीटर उंचीवरच्या) नकाशावर कमी दाबाचा पट्टा सरकताना दिसतोय. सोमवारी मॉडेलच्या मुख्य रनमध्ये दहाव्या दिवशी जोरदार पाऊस होता. युरोपीय एन्सेम्बलमध्ये सुरुवात थोडी-थोडी बदलून तेच मॉडेल अनेकदा चालवतात; त्याच्या ५१ मेंबरांत मात्र तो जेमतेम दहांनी दाखवला. म्हणून वहीत २० टक्के. गुरुवारी मुख्य रननेही पाऊस काढून टाकला. इतक्या लांबच्या दिवसासाठी एकाच नकाशावर विसंबू नये असं मला ठामपणे वाटतं. मेंबरांचा पसारा किती, हेच खरं वाचायचं असतं. गुण ब्रायर स्कोअरने देतो (लिहिलेली शक्यता आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचा वर्ग, कमी तितका चांगला): पाऊस नाही आला तर २० टक्क्यांना ०.०४ चा दंड, ८० लिहिले असते तर ०.६४.

आजपासून तिसरा-चौथा आठवडा: इथे दिवसाचा अंदाज नाहीच, फक्त आठवड्याची सरासरी. एमजेओ (उष्ण कटिबंधात पूर्वेकडे सरकणारी ढग-पावसाची लाट) सध्या आलेखाच्या मधल्या वर्तुळात, म्हणजे क्षीण. त्याच्याकडून इशारा नाही. सरासरीपेक्षा किंचित उष्ण, ५५ टक्के. याहून जास्त लिहायला आधार सापडला नाही.

दहाव्या दिवसाचा हिशेब पुढच्या नोंदीत.